दुसरी प्रत

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर उल्केच्या आघातानें निर्माण झालें म्हणून त्याची कीर्ति जगभर पसरली आहे. आणि मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ति पाहण्यासाठीं लांबलांबून यात्रेकरू येतात. परंतु या दोन गांवांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतही एक स्थान आहे, हें तितकेंसें कोणाच्या ध्यानांत नसतें. तेराव्या शतकांत महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी या दोन्ही गांवीं येऊन गेले. त्यांच्या येथील वास्तव्याच्या आठवणी ‘लीळाचरित्र’ या ग्रंथांत नोंदलेल्या आहेत. यादव राजा कान्हरदेव स्वामींच्या दर्शनास आला तो लोणारासच, असें त्या ग्रंथावरून कळतें. मराठी गद्यांतील हा आद्य चरित्रग्रंथ होय. सातशें वर्षांपूर्वींचीं माणसें कशीं बोलत, कशीं रुसत, काय खात व कोणत्या वाटेनें जात, हें सर्व त्यांत जसेंच्या तसें उतरलें आहे.

हा ग्रंथ आज छापलेला मिळतो. परंतु तो ज्यानें सिद्ध केला त्याच्या हातची पोथी मात्र आज जगांत कोठेंही नाहीं. मूळ पोथी गेली आणि ग्रंथ राहिला, हा चमत्कार कसा घडला, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे. ती केवळ पंडितांनीं ऐकावी अशी नाहीं. ज्याच्या घरीं संगणक आहे, किंवा ज्याच्या खिशांत मोबाइल आहे, अशा प्रत्येक गृहस्थानें ती ऐकण्यासारखी आहे. कारण त्या पोथीवर जो प्रसंग आला तोच प्रसंग आज घरोघरच्या संचितावर केव्हांही येऊं शकतो.

स्वामींनीं स्वतः ग्रंथ लिहिला नाहीं. ते गांवोगांव हिंडत आणि भेटेल त्याच्याशीं बोलत. त्यांनीं उत्तरेकडे प्रयाण केलें, अशी पंथाची श्रद्धा आहे. त्यानंतर त्यांची शिष्यमंडळी आजच्या अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें श्रीगोविंदप्रभूंच्या सान्निध्यांत राहूं लागली. नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, हे या मंडळींचे प्रमुख होते. स्वामींच्या आठवणी काढणें हाच त्यांचा नित्यक्रम झाला होता. सराळे गांवचा म्हाइंभट हा विद्वान शिष्य त्यांच्याजवळ असे. त्याच्या मनांत आलें कीं, ज्यांनीं स्वामींना डोळ्यांनीं पाहिलें तीं माणसें आज आहेत, उद्यां नसतील. त्यांच्याबरोबर हें सर्व स्मरणही निघून जाईल. म्हणून त्यानें आठवणी लिहून घेण्याचें काम आरंभिलें.

हें काम त्यानें ज्या पद्धतीनें केलें ती आजच्या संशोधकांसही लाजवील अशी आहे. नागदेवाचार्यांना जें आठवे तें तो टिपून घेई. ज्या प्रसंगीं दुसरें कोणी हजर असेल, त्या माणसाचा शोध करीत तो त्याच्या गांवीं जाई, त्याच्याकडून हकीकत विचारून घेई, आणि परत येऊन ती नागदेवाचार्यांकडून पारखून घेई. अशा रीतीनें शके १२०० च्या, म्हणजे इसवी सन १२७८ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला असें मानतात. मराठी भाषेच्या पदरीं इतकें सावध व इतकें प्रामाणिक लेखन त्यापूर्वीं पडलें नव्हतें.

पुढें काळ पालटला. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खलजी वऱ्हाडांतील एलिचपुरावरून देवगिरीवर चालून आला. १३०७ मध्यें मलिक काफूरची स्वारी झाली, आणि १३१८ पर्यंत यादवांचें राज्य नष्ट झालें. या पंचवीसएक वर्षांत सबंध प्रांतांत धामधूम माजली. महानुभावांच्या ग्रंथांत या काळाचा उल्लेख ‘खालशाची धाड’ असा येतो. पंथाचे लोक पोथ्या बरोबर घेऊन रानावनांत आश्रय शोधीत फिरले. आणि अशाच एका गडबडींत लीळाचरित्राची मूळ पोथी हातची गेली, असें परंपरा सांगते. लुटारूंना त्या पानांचा कांहीं उपयोग नव्हता. त्यांच्या दृष्टीनें तें एक बोचकें होतें. परंतु म्हाइंभटाच्या कित्येक वर्षांच्या पायपिटीचें फळ त्या बोचक्यांत बांधलेलें होतें.

येथें एका स्त्रीचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. हिराइसा ही पंथांतील एक साध्वी. तिला सबंध ग्रंथ मुखोद्गत होता असें परंपरेनें सांगितलें आहे. पोथी गेल्यावर तिच्या मुखांतून ग्रंथ पुन्हां लिहून घेण्यांत आला, आणि तो ‘हिराइसेचा पाठ’ म्हणून प्रसिद्ध झाला. इतर वृद्धांनींही आपापल्या स्मरणांतून लीळा सांगितल्या, व त्यांचेही पाठ तयार झाले. पोथी हें एक आधारस्थान होतें आणि स्मरण हें दुसरें. पहिलें ढासळलें तेव्हां दुसऱ्यानें भार सांवरला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषा म्हणून मान्यता दिली. ज्या प्राचीन ग्रंथांच्या बळावर मराठीचा तो अधिकार उभा राहिला, त्यांत लीळाचरित्राचें स्थान मोठें आहे. हिराइसेचें पाठांतर नसतें तर त्या स्थानीं आज काय उरलें असतें, याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

तथापि या पुनरुद्धारास एक किंमत द्यावी लागली. स्मरणांतून उतरलेले पाठ एकमेकांशीं सर्वस्वीं जुळेनात. कोठें लीळेचा क्रम बदलला, कोठें शब्द बदलले, कोठें एका पाठांत असलेली हकीकत दुसऱ्यांत नाहीं असें झालें. मूळ पोथी समोर असती तर ताडून पाहतां आलें असतें. पण ती नव्हती. म्हणून प्रत करावयाची ती मूळ जिवंत असतांनाच केली पाहिजे. घर जळल्यावर विहीर खणणें जसें व्यर्थ, तसेंच मूळ गेल्यावर प्रतीचा शोध करणें. जें हातीं लागेल तें नशिबाचें, आणि जें लागेल तें पूर्ण असेलच असें नाहीं.

प्रती पुष्कळ असल्या म्हणजे सर्व निर्वेध झालें, असेंही मात्र समजूं नये. ज्ञानेश्वरीच्या बाबतींत अगदीं उलट प्रकार घडला होता. तिच्या प्रती घरोघर झाल्या. पण नकलकारांच्या हातून चुका होत गेल्या, आणि कित्येकांनीं आपल्या पदरच्या ओव्या मध्यें घातल्या. तीन शतकांनंतर मूळ पाठ कोणता हेंच कळेनासें झालें. तेव्हां शके १५०६, म्हणजे १५८४ सालीं, पैठणच्या एकनाथमहाराजांनीं प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला, आणि यापुढें कोणी त्यांत आपली भर घालूं नये अशी ताकीद दिली. प्रत करणें हें अर्धें काम. केलेली प्रत बरोबर आहे कीं नाहीं हें पाहणें हें उरलेलें अर्धें.

महानुभावांनीं पुढें आपले ग्रंथ राखण्यासाठीं आणखी एक उपाय योजिला. त्यांनीं सांकेतिक लिपि निर्माण केल्या. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, वज्र अशीं त्यांचीं नांवें आहेत. त्यांत सकळ लिपीचा प्रसार सर्वांत अधिक झाला. एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर लिहावयाचें, असें तिचें साधारण स्वरूप. ज्याला किल्ली ठाऊक त्यालाच पोथी वाचतां येई. इतरांस ती केवळ अक्षरांची खिचडी दिसे. पंथाचे लोक पंजाब, पेशावर व थेट काबूलपर्यंत गेले, आणि मराठी पोथ्याही त्यांच्याबरोबर तेथवर पोहोंचल्या. महाराष्ट्रावर संकट आलें तरी काबूलची पोथी सुरक्षित, आणि काबुलांत कांहीं झालें तरी वऱ्हाडांतील मठाची पोथी सुरक्षित, अशी सोय त्यामुळें आपोआप झाली.

परंतु या लिपीचा दुसरा परिणाम असा झाला कीं, पोथ्या शाबूत राहूनही पंथाबाहेरच्या मराठी समाजास त्या शतकानुशतकें नसल्यासारख्याच होत्या. पेटी होती, पेटींत धन होतें, पण किल्ली ठराविक लोकांच्याच कमरेला. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांनीं या लिपीचा उलगडा करून घेतला, आणि मराठींतील एक सबंध दालन एकाएकीं उघडलें. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनीं या वाङ्मयाचा परिचय करून दिला, नागपूरचे ह. ना. नेने यांनीं १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापून काढले.

या कार्याचा कळस ज्यांनीं चढविला ते मात्र बुलढाणा जिल्ह्याचेच सुपुत्र होते. डॉ. विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म २२ जून १९०८ रोजीं मलकापूर तालुक्यांतील नरवेल या खेड्यांत झाला. पुढें ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु झाले, व १९६७ सालीं भोपाळ येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनीं भूषविलें. परंतु या मानाच्या जागांहून त्यांचें खरें काम निराळें. त्यांनीं पंथाच्या मठांतील पोथ्या मिळविल्या, लिपि शिकून घेतल्या, आणि निरनिराळे पाठ शेजारीं शेजारीं ठेवून एकेक शब्द ताडून पाहिला. त्यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र १९७८ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केलें. म्हाइंभटानें गोळा केलेलें, धाडींत हरवलेलें, हिराइसेनें वांचविलेलें आणि सकळ लिपीनें झांकून ठेवलेलें धन अशा रीतीनें सात शतकांनीं सर्वांच्या हातीं आलें.

या इतिहासाचा आजच्या संसाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, आज प्रत्येक घर हें एक लहानसें ऋद्धिपूर झालें आहे. पूर्वीं घरांतील संचित निरनिराळ्या जागीं विखुरलेलें असे. खरेदीखतें ट्रंकेंत, छायाचित्रें भिंतीवर, हिशेब वहींत, पत्रें तारेला अडकवलेलीं, आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या आजीच्याच तोंडीं. उंदरांनीं वही कुरतडली तरी छायाचित्र राही. भिंत पडली तरी ट्रंक राही. आज हें सर्व एका संगणकांत किंवा हाताच्या पंजाएवढ्या मोबाइलमध्यें सामावलें आहे. मुलीच्या लग्नाचीं छायाचित्रें, वडिलांचा आवाज, मास्तरांनीं वीस वर्षें जमविलेलीं टिपणें, दुकानाचा हिशेब, गांवच्या कीर्तनाचें ध्वनिमुद्रण, कोणी खपून तयार केलेली घराण्याची वंशावळ, हें सर्व एकाच बोचक्यांत बांधलेलें आहे. आणि पुष्कळ घरीं त्या बोचक्याची दुसरी प्रत नाहीं.

येथें एक विवेक करणें जरूर आहे. सातबाऱ्याचा उतारा हरवला तर तलाठ्याकडून दुसरा मिळतो. गुणपत्रिका मंडळाकडून पुन्हां काढतां येते. बँकेचा हिशेब बँकेपाशीं असतो. या वस्तूंची दुसरी प्रत समाजानें आधींच ठेवलेली आहे. परंतु वारलेल्या आईचा आवाज कोणत्याही कचेरींतून मिळत नाहीं. जें केवळ स्वतःच्याच घरीं आहे त्याची काळजी सर्वांत आधीं घेतली पाहिजे.

तें ज्या यंत्रांत सांठविलेलें असतें त्याचा स्वभावही समजून घ्यावा. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें पहिली हार्ड डिस्क बाहेर काढली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या तिच्यांत होत्या, आणि त्यांवर सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत. आज तिच्या लक्षावधि पट मजकूर तळहातावरच्या डबींत मावतो. पण त्या डबींतील तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असते, आणि तिच्यावरून फिरणारें वाचक टोंक तबकडीपासून अवघ्या कांहीं नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतें. माणसाचा केस त्या अंतराच्या हजारों पट जाड असतो. अशा यंत्रास एक हिसका बसला, धुळीचा एक कण आंत शिरला, तरी तबकडीवर ओरखडा उठून सर्व मजकूर निरुपयोगी होऊं शकतो. नव्या जातीच्या डिस्कमध्यें व पेन ड्राइव्हमध्यें फिरणारा भाग नसतो. तेथें मजकूर विजेच्या भाराच्या रूपानें राहतो, आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहिला तर तो भार हळूहळू ओसरूं शकतो. त्यांत वऱ्हाडचा उन्हाळा, विजेची ये-जा, दाब एकाएकीं चढणें, वळवाच्या पावसांतील वीज, हीं सर्व या यंत्रांचीं शत्रुस्थानें होत. यंत्र बिघडेल कीं नाहीं हा प्रश्न नसून तें केव्हां बिघडेल एवढाच प्रश्न असतो.

मोठमोठ्या कचेऱ्यांवरही असे प्रसंग आले आहेत. २१ जून २०१२ रोजीं मुंबईच्या मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली व ती वरच्या मजल्यांवर पसरली. पांच जीव गेले, आणि असंख्य कागदपत्रें भस्म झालीं. ज्या कागदांच्या प्रती इतरत्र होत्या त्यांच्या आधारें पुन्हां दप्तर उभें करावें लागलें. कागदाची ही गोष्ट. संगणकाची याहून वेगळी नाहीं. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांतील देजॉन शहरीं सरकारी संगणक-केंद्रास आग लागली. तेथील सरकारी नोकरांचें काम ज्या एका भांडारांत सांठविलेलें होतें तें ८५८ टेराबाइटचें भांडार संपूर्ण नष्ट झालें. भांडार फार मोठें आहे, म्हणून त्याची दुसरी प्रत बाहेर ठेवणें शक्य झालें नाहीं, असें कारण सांगण्यांत आलें. जगांतील अत्यंत पुढारलेल्या देशांत ही गत झाली. आणि तिचें मूळ ऋद्धिपूरच्या पोथीप्रमाणेंच होतें. मोलाची वस्तु, आणि एकच प्रत.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेंतलें आहे, आणि त्यांत हिराइसेची आठवण झाल्यावांचून राहात नाहीं. १९९८ सालीं पिक्सर कंपनींत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचें काम चाललें असतां कोणीतरी संगणकास चुकीची आज्ञा दिली, आणि चित्रपटाचा बहुतेक भाग पुसला गेला. बॅकअप, म्हणजे राखून ठेवलेली प्रत, आहे म्हणून मंडळी निश्चिंत होतीं. पण ती उघडून पाहतां ती धड नाहीं असें आढळलें. कित्येक दिवस ती नीट घेतली जात नव्हती, आणि कोणी ती तपासली नव्हती. त्याच कंपनींतील गॅलिन ससमन या बाईंना त्या सुमारास मूल झालें होतें, म्हणून त्या घरूनच काम करीत, आणि त्यासाठीं त्यांच्या घरच्या संगणकांत चित्रपटाची प्रत होती. त्या संगणकास गोधड्यांत गुंडाळून मोटारींतून कंपनींत आणण्यांत आलें, आणि चित्रपट वांचला. शेंकडों लोकांची कंपनी, आणि तिला तारलें तें एका बाळंतिणीच्या घरच्या प्रतीनें.

जुन्या धाडीचा नवा अवतारही आज हिंडत आहे. मे २०१७ मध्यें ‘वॉनाक्राय’ नांवाच्या संगणक-विषाणूनें सुमारें दीडशें देशांतील यंत्रांवर हल्ला केला. हा विषाणु मजकूर चोरून नेत नाहीं; तो आहे त्याच जागीं तो सांकेतिक रूपांत बदलून टाकतो, आणि किल्लीसाठीं खंडणी मागतो. महानुभावांच्या लिपीची किल्ली घरधन्यापाशीं होती. येथें ती लुटारूपाशीं असते. त्यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे संगणकाला न जोडतां दूर ठेवलेली प्रत. जी डिस्क रात्रंदिवस संगणकास जोडलेली असते ती बॅकअप नव्हे. धाड आली म्हणजे दोन्ही एकदमच जातात.

कांहीं लोक म्हणतात कीं, छायाचित्रें मोबाइलमधून आपोआप कंपनीच्या भांडारांत चढतात, मग आणखी काळजी कशाला? ही सोय चांगली आहे. पण तिच्या मर्यादा ओळखाव्या. पुष्कळशा अशा योजना मोबाइल व भांडार एकसारखें ठेवण्यासाठीं असतात. येथें पुसलें तर तेथेंही पुसलें जातें. तो आरसा झाला, प्रत नव्हे. शिवाय दुसऱ्याचें भांडार दुसऱ्याच्या मर्जीवर व सावधपणावर चालतें. मायस्पेस या एके काळच्या प्रसिद्ध कंपनीनें मार्च २०१९ मध्यें कबूल केलें कीं, यंत्रें बदलतांना २०१६ पूर्वींचें लोकांनीं तेथें ठेवलेलें संगीत हरवलें. ज्यांच्या घरीं दुसरी प्रत होती त्यांचें नुकसान झालें नाहीं. ज्यांनीं सर्वस्वीं कंपनीवर हवाला ठेवला त्यांची गाणीं कायमचीं गेलीं.

मग करावें काय? पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें एक सुटसुटीत नियम सांगितला, तो जगभर मान्य झाला आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागीं. पाहूं गेल्यास हा नियम महानुभावांच्या आयुष्यक्रमांत आधींच दिसतो. पोथी आणि पाठांतर हीं दोन साधनें; आणि ऋद्धिपुरापासून काबुलापर्यंत निरनिराळ्या जागा. गृहस्थाच्या घरीं याचा अर्थ इतकाच कीं, एक प्रत संगणकांत असावी. दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटांत ठेवावी. आणि तिसरी इंटरनेटवरील भांडारांत, किंवा दुसऱ्या गांवीं असलेल्या मुलाकडे वा भावाकडे ठेवावी. खामगांवच्या घराला आग लागली तर चिखलीच्या घरची प्रत राहील. पावसाचें पाणी शिरलें तर दोन्ही गांवीं एकाच दिवशीं शिरणार नाहीं.

किल्लीचा विचार येथेंही सुटत नाहीं. प्रतीला परवलीचा शब्द घातला आणि तो एकट्या कर्त्या पुरुषालाच ठाऊक असला, तर त्याच्या पश्चात् ती प्रत सकळ लिपींतल्या पोथीसारखी होते. दिसते, पण वाचतां येत नाहीं. घरांतील आणखी एका विश्वासू माणसाला तो शब्द ठाऊक असावा. मराठी लेखनाच्या बाबतींत तर एक वेगळेंच विघ्न आहे. युनिकोड ही सर्व लिपींसाठीं असलेली जागतिक संकेतपद्धति मराठी मुलुखांत रुळण्यापूर्वीं पुष्कळांनीं श्रीलिपि, कृतिदेव अशा निरनिराळ्या टंकांत मजकूर लिहून ठेवला. तो टंक ज्या संगणकांत नाहीं तेथें तोच मजकूर इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या गर्दीसारखा दिसतो. शाळांचे जुने अहवाल, गांवांचे इतिहास, स्मरणिका, कविता, असें कितीतरी लेखन अजून त्या स्वरूपांत पडून आहे. तें युनिकोडमध्यें उतरवून घेण्याचीं साधनें आज मिळतात. राजवाडे-भावे यांच्यासारखा कोणी पुढें जन्मास येऊन हा मजकूर उलगडील, अशी वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आणि शेवटची गोष्ट नियमाची. एकदां प्रत काढून स्वस्थ बसणाऱ्याची प्रत दिवसेंदिवस शिळी होत जाते. तीन वर्षांपूर्वीं काढलेल्या प्रतींत तीन वर्षांचा संसार नसतो. शेतकरी जसा पेरणीचा हंगाम चुकवीत नाहीं, तसा यासही एक ठराविक दिवस असावा. महिन्याच्या पहिल्या रविवारीं प्रत काढावी. ज्याचा धंदाच संगणकावर चालतो त्यानें ती रोज संध्याकाळीं काढावी. वर्षांतून एकदां, पाडव्याच्या दिवशीं म्हणा, ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. दहापांच छायाचित्रें, एखादें ध्वनिमुद्रण, एखादा हिशेब उघडून तो मुळाशीं ताडावा. नाथांनीं ज्ञानेश्वरीचें जें केलें तेंच हें, लहान प्रमाणावर. न तपासलेली प्रत म्हणजे न मोजतां घेतलेली मोड. ती पुरी आहे अशी समजूत असते, खात्री नसते. चार-पांच वर्षांनीं डिस्क जुनी झाली म्हणजे नवी घेऊन मजकूर तिच्यावर उतरवावा. जीर्ण पोथीची नवी नक्कल करून ठेवण्याची चाल मठांत होतीच.

यासाठीं खर्च फार येतो असेंही नाहीं. घरांत एक लग्न निघालें म्हणजे छायाचित्रकारास जें द्यावें लागतें त्याच्या लहानशा अंशांत तीं छायाचित्रें राखणारी डिस्क येते. अडचण पैशाची नसते. ‘उद्यां करूं’ या शब्दांची असते. खालशाची धाड आली त्या दिवसाच्या आदल्या दिवशींही म्हाइंभटाची पोथी सुखरूपच होती.

हिराइसेसारखी स्मरणशक्ति सर्वांना लाभत नाहीं, आणि तशी कोणाकडून अपेक्षाही करतां येत नाहीं. परंतु जें तिला सबंध ग्रंथ कंठांत वागवून करावें लागलें, तें आज महिन्यांतून एका तासांत कोणासही करतां येतें. लोणार व मेहकर येथें स्वामी आले होते हें आज कळतें, तें कोणीतरी दुसरी प्रत राखली म्हणून. आजपासून शंभर वर्षांनीं या जिल्ह्यांतील घरें कशीं होतीं, माणसें कशीं बोलत व कशीं हंसत, हें पुढच्या पिढ्यांना कळावयाचें असेल तर तेंही कोणाच्या तरी कपाटांतील दुसऱ्या प्रतीवरूनच कळेल. ती कपाटांत आहे कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें आजच उघडून पाहावें.